श्वासाचा मान

नटवर्यांचा आवाज भारदस्त होता आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तालमीत त्यांनी लढाईतली कविता अशी वाचली, जणू प्रेत समोरच ठेवलंय. दर दोन ओळींनंतर ते थांबत, डोळे मिटत, हुंदका गिळत. तो विराम एवढा लांब, की व्हिओलावाल्याला वाटे कविता संपली, आणि तो गज उचले.

कविता चेलोवालीच्या वडिलांच्या. ती पाच महिन्यांची असताना ते आघाडीवर गेले आणि परत आली ती नुसती वही. आता तिला अठ्ठावन्न पूर्ण झाली होती. वडील कसे बोलायचे हे सांगणारं एकच माणूस उरलं होतं, त्यांची थोरली बहीण, म्हणजे तिची आत्या. वय वर्षं शहाऐंशी.

"तुझा बाप रडतोंड्या नव्हता गं," आत्या म्हणे. "बोलायला लागला की सुसाट. आपलं हसू आवरेपर्यंत ह्याचं पुढचं वाक्य तयार."

तो सुसाट माणूस एकदा तरी ऐकायला मिळावा, म्हणून चेलोवालीने या कार्यक्रमाचा घाट घातला होता. दोन व्हायोलिनं, व्हिओला आणि चेलो अशी तिची चांडाळचौकडी वाजवणार, मध्ये मध्ये कविता. आणि वाचायला नशिबी आले नटवर्य.

"जरा भरभर वाचाल का?" तिने विचारलं.

"बाई, मरणाच्या दारातली कविता आहे ही."

"ती उवांवर आहे."

"वरवर," नटवर्य म्हणाले.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. आत्या पहिल्या रांगेत बसली. अशा चौकडीत हातवारे करून इशारा देणारा कुणी नसतो. पहिलं व्हायोलिन वाजवणारा नाकाने श्वास ओढतो आणि त्या श्वासावर चौघे एकदम निघतात. हा मान चेलोवालीच्या धाकट्या दिराचा. बावीस वर्षांत त्या मानाला कुणी हात लावला नव्हता. व्हिओलावाल्याला एकदा अवेळी शिंक आली, तेव्हा भावजी आठवडाभर फुगून बसले होते.

वहीतली शेवटची कविता आली. नटवर्य उभे राहिले.

"साहेब म्हणती, डोकं खाली, खाली डोकं ठेवा,
डोक्यावरच्या उवांनाही निरोप तेवढा द्यावा..."

आणि थांबले. डोळे मिटले. एका बाईंनी रुमाल काढला, उवांसाठी. आत्याचा चेहरा मात्र मख्ख होता. तिच्या ओळखीचं तिथे कुणी बोलतच नव्हतं.

चेलोवालीने गज तारेवर टेकवला आणि नाकाने सणसणीत श्वास ओढला. उरलेले तिघे सवयीचे गुलाम. श्वास ऐकला आणि निघाले. वाजवायचा पुढचा तुकडा नेमका पळत्या लयीचा होता.

"वहिनी, हे काय?" भावजी वाजवता वाजवताच पुटपुटले.

"तुम्ही वाजवा, भावजी." मग ती नटवर्यांकडे वळली. "वाचा. थांबू नका."

नटवर्यांचे डोळे खाडकन उघडले. पण काही झालं तरी माणूस रंगभूमीवरचा, मागे पडणं रक्तातच नव्हतं. त्यांनी वही घट्ट धरली आणि सुरांबरोबर धावत सुटले.

"बूट मिळाले दोन्ही डावे, साहेब, न्याय करा,
शत्रूकडे मी निघतो आणिक वळतो माझ्या घरा."

सभागृह खो खो हसलं. हसू कानावर पडताच नटवर्यांना चेव आला. हुंदका कुठल्या कुठे पळाला. लोकांचं हसू आवरायच्या आत पुढची ओळ येत होती. आत्या खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

वाद्यं थांबली तेव्हा कवितेची एकच ओळ उरली होती. नटवर्यांनी तीही त्याच झपाट्यात वाचली.

"ताई, पोरीला दात आले का? कळव लगेच मला..."

त्यांनी पान उलटलं. पुढे काही नव्हतं. वही तिथेच संपत होती.

"आले रे," आत्या पहिल्या रांगेतून म्हणाली, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत उत्तर द्यावं तशी. "खालचे दोन. मी लिहिलं होतं तुला."

चेलोवाली सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली आणि तिला त्याची जरासुद्धा लाज वाटली नाही.