पुढच्या जाळीवरचा डाग

जावयाने इंजिन तळहातावर घेऊन अप्पांच्या नाकासमोर धरलं.

"वास घ्या. मुद्दाम खऱ्या डिझेलचा थेंब लावलाय."

अप्पांनी मान फिरवली. एकतीस वर्षं त्यांनी मालगाडीची जुनी डिझेल इंजिनं हाकली होती. केबिनच्या जमिनीवर गळक्या तेलाचा थर, डोकं उठवणारा धूर, लघवीसाठी कोपऱ्यात बाटली. घरी येऊन तीनदा हात धुतले तरी पहिल्या घासाला डिझेलची चव लागायची. आणि आता शिकलीसवरली माणसं त्याच घाणीच्या वीतभर प्रतिकृती करून काचेच्या कपाटात ठेवत होती.

जावई दातांचा डॉक्टर. दात कोरायच्या हत्यारांनी त्याने खिडकीच्या पट्ट्यासुद्धा कोरल्या होत्या.

"नंबर बघा. तुमचंच इंजिन आहे," तो म्हणाला. "यार्डात काढलेला जुना फोटो एकाकडे मिळाला. ओरखडा न् ओरखडा तसाच उतरवलाय. रविवारी प्रदर्शनात मांडायचंय."

अप्पांनी चष्मा लावला. हॉर्नपाशी पोचा होता, तोही जागच्या जागी. मग त्यांनी इंजिन हातात घेऊन पुढच्या बाजूने वळवलं. रुळालगतच्या खालच्या जाळीपासून दिव्यापर्यंत एक काळपट तपकिरी डाग गेला होता. वरच्या टोकाला त्याला फाटे फुटले होते.

"हा गंज," जावई खुशीत म्हणाला. "ही छटा जमायला चार दिवस लागले."

"गंज खाली ओघळतो."

"म्हणजे?"

टेबलावर थिनरची बाटली होती. अप्पांनी कापूस भिजवला आणि डाग खसाखसा पुसायला सुरुवात केली.

"अहो अप्पा! काय करताय काय!"

जावयाने इंजिन ओढून घेतलं. डाग अर्धा गेला होता, उरलेला पसरला होता. अप्पांच्या अंगठ्याला तपकिरी रंग लागला. त्यांनी तो आधी सदऱ्याला पुसला, मग सदऱ्याकडे बघून तोंड वाकडं केलं.

"माणूस होता," ते म्हणाले. "वळणावर दिसला. ब्रेक मारला. पण भरलेले अडतीस डबे मागे, ते काय जागच्या जागी थांबतात? किलोमीटरभर पुढे गेलो."

जावई हळूच खुर्चीवर बसला.

"शेडमध्ये सांगितलं, पुढचं धुऊन द्या. तर म्हणाले, पाइपला पाणी नाही, पावसात जाईल धुऊन. नऊ दिवस पाऊस आला नाही. नऊ दिवस मी तेच इंजिन चालवलं. केबिनमध्ये डबा उघडून जेवलो. रोज जेवलो. भूक लागायची." त्यांनी अंगठा पुन्हा सदऱ्याला घासला. "त्या डागापेक्षा त्या भुकेचीच किळस येते मला."

आतून मुलीने चहाला हाक मारली. जावयाने पायाने दार लोटलं.

"तुमची काय चूक होती त्यात?" जावई म्हणाला.

"हेच सगळे म्हणाले. लेखीसुद्धा दिलं."

जावयाने इंजिन टेबलावर ठेवलं, पुढची बाजू भिंतीकडे करून. मग टेबलावरचा ब्रश उचलून तो त्याचे केस सरळ करू लागला.

"कोण होता तो?"

"माहीत नाही."

"तारीख आठवते?"

अप्पांनी तारीख सांगितली. वार सांगितला. सकाळचे सहा वाजून बावीस मिनिटं, हेही सांगितलं.

"मग शोधता येईल की," जावई म्हणाला. "रेल्वे पोलिसांकडे अशाची नोंद असणार. नाव, गाव, घरचे कोण, सगळं. पण एवढी वर्षं उलटल्यावर ते कागद कुठल्या कचेरीत सापडायचे कोण जाणे."

"स्टेशनला लागूनच आहे ती कचेरी," अप्पा म्हणाले. "निवृत्त होईपर्यंत रोज तिच्या दारावरून जायचो मी."