सासूबाईंच्या आधी आलेली कुंडी

बेकरीवाल्याला स्वतःच्या हातांवर भारी भरवसा. "आपल्या हाताखालून गेलेली गोष्ट बिघडत नाही," असं तो छातीठोकपणे सांगायचा, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा ते खरंही असायचं. म्हणून सासूबाईंनी अट घातली तेव्हा बायकोचा चेहरा पडला, पण हा गडी हसला.

अट अशी. सासूबाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. जन्मभर इस्पितळात नर्स होत्या, दुसऱ्यांना उठवण्या-बसवण्यात गेलेलं आयुष्य. आता त्यांच्याच गुडघ्यांनी दगा दिला होता. मध्यंतरी त्या जिन्यात पडल्या. नशीब बलवत्तर म्हणून हाड शाबूत राहिलं, पण लेकीनं हट्टच धरला, "आता आमच्याकडेच राहायला ये." सासूबाईंनी बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी म्हणाल्या, "आधी माझा निवडुंग न्या. तो माझ्याहून नखरेल आहे. तुमच्याकडे फुलला तर मी आले समजा. नाही फुलला तर विषय बंद."

"सामान बांधायला घ्या, आई," बेकरीवाला म्हणाला आणि कुंडी काखेत मारून जिना उतरला.

नावाला निवडुंग, पण अंगावर एक काटा नाही. चपट्या हिरव्या पेरांच्या माळा कुंडीच्या चहूबाजूंनी लोंबत होत्या आणि माळेमाळेच्या टोकाला गुलाबी कळी. हे झाड वर्षभर नुसतं बसून असतं आणि वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की फुलतं. त्याला कळ्या धराव्यात म्हणून सासूबाई दिवस लहान व्हायला लागले की कुंडी मागच्या गार खोलीत ठेवायच्या आणि संध्याकाळनंतर तिथं कुणाला दिवा लावू द्यायच्या नाहीत. म्हणजे अवघड काम त्यांनी करूनच ठेवलं होतं. जावयानं फक्त कळ्यांची फुलं होऊ द्यायची. त्यात कसली आलीय हुशारी?

बेकरीच्या वरच यांचं घर. पुढच्या खोलीच्या खिडकीत उजेड छान आणि ऊन बेताचं, तिथं कुंडी बसली. सासूबाईंनी बजावलं होतं, वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी, आणि खालच्या ताटलीत थेंब साचू द्यायचा नाही. बेकरीवाला ट्रे भट्टीत सारून वर आला की आधी कुंडीपाशी जायचा. पीठ फुगलं की नाही ते बोटानं ओळखणाऱ्याला मातीचं काय मोठंसं?

पण थोड्याच दिवसांत एक कळी गळली. "एखादी गळायचीच," तो म्हणाला. मग आणखी दोन-चार गळल्या. आणि एका सकाळी बायकोनं खिडकीची फळी पुसली तर फडक्यात मूठभर कळ्या आल्या.

"तुझी ती भट्टी," ती म्हणाली. "खालून धग येते."

"हात लावून बघ. फळी थंडगार आहे."

"मग माशी शिंकली कुठे?"

ते त्यालाही कळेना. बायको मात्र रडकुंडीला आली. आईसाठी तिनं मागची खोली केव्हाच लावून ठेवली होती. नवे पडदे, उंच पलंग, हातांची जड खुर्ची, उशाशी हाक मारायला घंटा, खाली न घसरणारी चटई. एकेक वस्तू ती दुकानादुकानांतून पारखून आणत होती. "आई पुन्हा त्या जिन्यात पडली तर मी काय करू?" ती म्हणाली. मग नाक पुसत हळूच बोलली, "नर्सरीत फुललेला मिळतो. अगदी असाच रंग. बदलून टाकू या. तिला काय कळतंय?"

"आईंना कळणार नाही? डॉक्टरांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगायच्या त्या." त्यानं अंगावरचं पीठ झटकलं. "आणि कालचा पाव आजचा म्हणून मी गिऱ्हाइकाला कधी खपवला नाही. सासूला खपवू?"

तो तडक सासूबाईंकडे गेला. पाणी प्यायलासुद्धा थांबला नाही.

"आई, कळ्या गळल्या. जवळजवळ सगळ्याच."

"केलंत काय?"

"काहीच नाही. पाणी तुम्ही सांगितलं तसं, उजेड तुम्ही सांगितला तसा. उलट रोज सकाळी कुंडी जरा फिरवून ठेवायचो, सगळ्या बाजूंना सारखा उजेड लागावा म्हणून."

सासूबाईंनी चष्मा काढला. "फिरवायचात?"

"ट्रे फिरवला नाही तर पाव एका बाजूनं करपतो आणि दुसऱ्या बाजूनं पांढरा राहतो. हाताला सवयच लागलीय."

सासूबाई जे हसायला लागल्या ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "अहो जावईबापू, पाव आहे का तो? कळी एकदा उजेडाकडे तोंड करून बसली की तिला हलवायचं नसतं. तुम्ही फिरवलं की ती बिचारी पुन्हा वळायला बघते. परत फिरवलं की परत. शेवटी कंटाळून गळते. माया केलीत, पण अति तिथे माती."

"झाड जगेल ना?"

"त्याला काय धाड भरलीय? पुढच्या वर्षी फुलेल."

"मग दोष माझ्या हातांचा, घराचा नाही. तुम्ही चला."

सासूबाईंचं हसू मावळलं. "जन्मभर मी अंथरुणाला खिळलेल्या बायकांच्या कुशी बदलल्या," त्या म्हणाल्या. "आता या अंगावर, आता त्या अंगावर. त्यांच्या भल्यासाठीच. पण बाई, तुला कुठं तोंड करून पडायचंय, असं एकीलाही विचारलं नाही. झाड हा नुसता बहाणा होता हो. तुम्ही दोघं माझं इतकं कराल की मला करायला काही उरणारच नाही, याची भीती वाटते मला."

बेकरीवाला म्हणाला, "भट्टीचं दार मध्येच उघडलं तर पाव बसतो. कितीही वाटलं तरी मी उघडत नाही. मला हात आवरता येतात, आई."

"आणि माझ्या लेकीला?"

"तिला मी सांगतो."

त्या रविवारी सासूबाई आल्या. खोली बघून लेकीच्या गालावरून हात फिरवला, पलंग खिडकीकडे सरकवून घेतला आणि घंटा परत दिली. लेकीनं ओठ आवळून ती घेतली. मग सासूबाईंची नजर दारावर गेली. आतल्या बाजूला स्क्रूची भोकं तेवढी होती.

"कडी कुठं गेली?"

"मी काढून टाकली," लेक म्हणाली. "तू आत पडलीस बिडलीस तर?"

"लावा परत."

लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं. सासूबाईंचे गुडघे त्यानंही जिना चढताना पाहिले होते. तरी तो खाली गेला, स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि कडी बसवून दिली. सासूबाईंनी त्या दोघांना बाहेर काढलं, दार लोटलं आणि कडी घातली.

आत काहीतरी जड ओढल्याचा आवाज झाला. बायको दाराकडे झेपावली. त्यानं तिचा हात धरला.

"थांब," तो म्हणाला. "खुर्ची लावतायत त्या."

दोघंही तिथंच उभे राहिले, खुर्ची सासूबाईंच्या मनासारखी लागेपर्यंत.