गटारावरची फळी

गोदामात त्यांना सगळे काकू म्हणत आणि उंचावरच्या कामासाठी माणसाला वर उचलणाऱ्या सिझर लिफ्टला कात्री. कात्री काकूंनीच चालवायची, हे ठरून सहा वर्षं झाली होती. रोज चढण्याआधी त्या लिफ्टभोवती सावकाश एक फेरी मारत. चाकं बघत, कठडा हलवून बघत, खालचं लाल बटण दाबून मशीन बंद पडतंय ना याची खात्री करत. शेवटी, जिथे लिफ्ट उभी करायची तिथली जमीन बुटाच्या टाचेनं ठोकत.

"काकू, भाजी निवडताय का?" वायरमन रोज विचारायचा.

"भाजीत कीड राहिली तर पोट बिघडतं. इथे मान मोडते," काकू तितक्याच नेमानं सांगायच्या.

सुपरवायझर म्हणजे काकूंचा धाकटा दीर. इथली नोकरी त्यानंच लावून दिलेली, आणि घरही एकच. त्याच्याशी वाकडं घ्यायचं म्हणजे दिवसभर गोदामात आणि संध्याकाळी जेवायला बसल्यावरही घ्यायचं. म्हणून काकू बऱ्याच गोष्टींकडे कानाडोळा करायच्या. लिफ्टच्या बाबतीत मात्र नाही.

त्या दिवशी चार वाजता मोठे साहेब गोदाम बघायला येणार होते, आणि गाड्या धुण्याच्या जागेवरचे दिवे अजून खोक्यातच होते. तिथली जमीन पाणी वाहून जावं म्हणून गटाराकडे उतरती केलेली. काकूंनी लिफ्ट तिथे नेली, जरा वर उचलली आणि ती कर्कश ओरडायला लागली. लिफ्ट कलली की तसं ओरडायचं हे तिचं कामच. काकूंनी ती खाली घेतली, मागे आणली आणि किल्ली काढून खिशात टाकली.

"इथे नाही जमायचं. वेगळी सोय करा," त्या म्हणाल्या.

दिरानं सोय केली. वायरमनला हाताशी धरून त्यानं उताराच्या अंगाला, गटारावर झाकलेल्या पत्र्यावर, एक जाड फळी टाकली. ऑफिसातली दुसरी किल्ली आणली, लिफ्ट स्वतः हाकत फळीवर चढवली आणि हातभर उचलून पाहिली. लिफ्ट गप्प होती.

"बघा वहिनी. आता ओरडते का?"

"लिफ्टला कललेलं कळतं. खालची पोकळी कळत नाही," काकू म्हणाल्या. "त्या पत्र्यावरून नुसती हातगाडी गेली तरी तो वाजतो. ही दीड टनाची आहे."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"पडायला तेवढीही लागत नाहीत. मी चढणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला चढू देणार नाही."

गोदामातली सगळी कामं थांबली. दिराचा चेहरा लाल झाला. घरात वहिनींपुढे आवाज न चढवणारा माणूस, पण इथे वीस जण बघत होते.

"तुम्ही नाही तर मी चढतो. आणि उद्यापासून तुम्ही घरीच थांबा."

काकूंनी सहा वर्षांत मिळवलेलं एवढं एकच काम होतं, जिथे त्यांना कोणाला विचारावं लागत नव्हतं. पण त्या हलल्या नाहीत. दिवा काखेत मारून दीर लिफ्टवर चढला आणि वर निघाला. काकू चढाच्या बाजूला गेल्या आणि तो डोक्याच्या उंचीला पोचताच त्यांनी खालच्या लाल बटणावर तळहात दाबला.

लिफ्ट जागच्या जागी थांबली.

"वहिनी, हात काढा."

"काढते. तुम्हाला खाली आणायला."

"सगळ्यांसमोर माझी शोभा करताय."

"करतेय. पडलात तर त्याहून मोठी होईल, आणि ती बघायला तुम्ही नसाल. भाऊजी, कठडा धरा."

गोदामात त्या त्याला साहेब म्हणत. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिथे भाऊजी निघालं तोंडातून. त्यांनी बटण सोडलं, किल्ली फिरवून लिफ्टचा ताबा खालच्या बटणांवर घेतला आणि दिराला, तो बडबडत असतानाच, अलगद जमिनीवर आणलं. तो उतरला. त्यानं दिवा वायरमनपुढे धरला.

"तू चढ."

वायरमननं दिव्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि कमरेचा अवजारांचा पट्टा सोडून खोक्यावर ठेवला.

"साहेब, काकूंची फेरी झाल्याशिवाय मी नाही चढणार," तो म्हणाला. एरवी भाजीवरून चिडवणारा हाच.

दीर काही बोलायच्या आत काकूंनी वरचा कंट्रोल काढून हातात घेतला आणि बाजूनं चालत लिफ्ट मागे घेतली. चाकं उतरता उतरता फळी मधोमध कडाडून मोडली. वायरमननं दोन्ही तुकडे बाजूला ओढले. खालचा पत्रा थाळीसारखा खोल गेला होता आणि एका कडेनं फाटून त्यातून गटाराचं काळं पाणी दिसत होतं.

दीर त्या पाण्याकडे बघत राहिला. काकूंनी त्याच्या हातातला दिवा काढून घेतला. मग तो त्यांच्या जवळ आला आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "वहिनी, घरी हिला सांगू नका."

काकूंनी दिवा खोक्यात ठेवला.

"सांगणार," त्या म्हणाल्या. "तिला कळायलाच हवं आज काय होणार होतं ते. आणि उद्या आठ वाजता मी कामाला येणार. थांबवायचं असेल तर दारात उभे राहा."

दीर खोक्यावर बसला. काकूंनी ऑफिसातली किल्लीही लिफ्टमधून काढून खिशात टाकली आणि वायरमनला सांगितलं, मोठे साहेब येतील तेव्हा दिवे खोक्यात असतील, आणि का ते मी सांगेन.