उलटी ढाल

दगडातला बगळा डोक्यावर उभा होता. चोच जमिनीकडे, पाय वर, आणि डाव्या पायाचं एक बोट तुटलेलं. कीर्तीनं टॉर्च तिरका धरला, तशी बगळ्याभोवतीची ढालीची कडा उठून दिसली. ढालीचं टोकही वरच होतं.

"गवंड्यानं शुक्रवारी संध्याकाळी बसवलेली दिसतेय," श्रीरंग म्हणाला. "घरी जायच्या घाईत."

तळघरात हशा झाला. महाराष्ट्र मंडळाची चौदा माणसं त्या थडग्याभोवती दाटीनं उभी होती. मंडळाची सहल वर्षातून एकदा निघायची. या वर्षी रायरश्टाइनचा किल्ला ठरला, कारण इथल्या थडग्यांतल्या हाडांची तपासणी गार्चिंगला कीर्तीच्या प्रयोगशाळेत झाली होती. माहिती सांगायला घरचंच माणूस होतं.

"मुद्दाम उलटी कोरलीय," कीर्ती म्हणाली. "घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की ढाल अशी लावायची पद्धत होती. म्हणजे हे चिन्ह पुढं चालवणारं आता कुणी नाही. रायरश्टाइन सरदारांचं हे शेवटचं थडगं. अठराशे चार."

सगळ्यांच्या मागे, जिन्यापाशी, तिचे वडील उभे होते. जावयाचं जाकीट त्यांना खांद्यात मोठं होत होतं. आत्माराम सरांनी लातूरजवळच्या एका शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. लेकीकडे परदेशात ते पहिल्यांदाच आले होते, तीन महिन्यांसाठी.

सकाळी यू-बानमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, कीर्ती त्यांना म्हणाली होती, "बाबा, तिथं सगळ्यांना नमस्कार म्हणा हं." हे सांगताना ती खिडकीकडे बघत होती. खिडकीबाहेर बोगद्याची भिंत होती. बाबा भेटेल त्याला जय भीम म्हणत आले होते, शाळा तपासायला आलेल्या साहेबांनासुद्धा. ते "बरं" म्हणाले आणि उतरायचं स्टेशन कोणतं ते विचारलं.

किल्ल्याच्या दारात त्यांनी एकेकाला हात जोडून नमस्कार म्हटलं होतं. कीर्ती शेजारीच होती. तेराव्या नमस्कारापर्यंत ती मोजत होती, मग तिनं मोजणं सोडलं.

तळघर बघून सगळे वर आले. वरच्या दालनात भिंतभर वंशवृक्ष रंगवलेला होता. मुळाशी चिलखत घातलेला मूळपुरुष आडवा पडला होता, त्याच्या छातीतून खोड निघालं होतं, आणि पानापानात एकेक नाव. उजवीकडच्या एका फांदीच्या टोकाला पान नव्हतं. तिथं अंगठ्याएवढ्या जागेत भिंतीचा चुना दिसत होता.

"इथला पोपडा उडालाय का गं?" नंदिनीनं विचारलं. मंडळाची अध्यक्ष तीच होती.

"नाही नंदिनीताई, खरवडलंय. लिओनहार्ड नावाचा धाकटा मुलगा होता. त्यानं लग्न केलं ते..." कीर्ती थांबली. घरी टिपणं काढतानाही ती या वाक्यापाशी थांबली होती. "गावातली मेलेली जनावरं ओढून नेणाऱ्याच्या मुलीशी. ती माणसं गावाबाहेर राहायची. कातडी सोलायची. चर्चमध्ये त्यांना मागे वेगळी जागा, गुत्त्यात वेगळं बाक. त्यांच्याबरोबर बसून प्यायला म्हणून कारागिरांना कामावरून काढल्याच्या नोंदी आहेत."

"अगं बाई! इथंसुद्धा?"

"असतं ते सगळीकडेच," कुणीतरी म्हणालं. "आता कुठं राहिलंय?"

"म्हणजे सून चुकली आणि पोराच्या नावावर रंधा फिरला," श्रीरंग म्हणाला. लोक पुन्हा हसले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी खिशातून चष्मा काढला, भिंतीजवळ गेले आणि ती खरवडलेली जागा बराच वेळ बघत राहिले. फळ्यावर कुणी चुकीचं समीकरण लिहिलं की ते तसे बघत.

"मग हाडांतून काय निघालं?" नंदिनीनं विचारलं.

हा भाग कीर्तीला सोपा होता. तिचा आवाज सरळ झाला. वडिलांकडून मुलाकडे जसंच्या तसं जाणारं एक गुणसूत्र असतं. तळघरातल्या चार पुरुषांच्या हाडांत ते सापडलं. मग आसपासच्या गावांतल्या साठ पुरुषांच्या लाळेचे नमुने घेतले. त्यातला एक नमुना जुळला. तो गृहस्थ इथून स्टेशनपर्यंत बस चालवायचा, आता निवृत्त आहे. लिओनहार्डच्या मुलांना घराण्याचं नाव लावायची बंदी होती, त्यामुळे आडनाव वेगळं. पण शंकेला फार कमी जागा आहे.

"किल्ल्याच्या समितीतल्या एकांनी विचारलं होतं, अहवालात हे गाळता येईल का," ती म्हणाली. "मी नाही म्हणून कळवलं."

दोन ओळींचं पत्र होतं ते. लिहायला तिला चार मिनिटंही लागली नव्हती. ते तिला आता आठवलं, आणि तिनं नजर टिपणांकडे वळवली.

"संपलं नव्हतं तर घराणं," बाबा हळूच म्हणाले. तिलाच ऐकू जाईल एवढंच. "ह्यांनी लिहिलं नव्हतं, एवढंच."

पण नंदिनीनं ऐकलं. ती कौतुकानं वळली.

"काका, तुम्हाला इतिहासाची गोडी दिसते! तुम्ही मूळचे कुठले? आणि आडनाव काय तुमचं? सहा वर्षं झाली, ह्या बयेनं माहेरचं आडनाव म्हणून सांगितलं नाही कधी."

सहा वर्षांपूर्वी, मंडळाच्या गणपतीत, कीर्तीचं सासरचं आडनाव ऐकून नंदिनीनं विचारलं होतं, "वडगावकर म्हणजे देशस्थ ना?" कीर्तीच्या हातात करंज्यांचं ताट होतं. ती हसली होती. तेवढंच. हो म्हणाली नव्हती, हे तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पुढच्या गणपतीत सांगू, असंही. ते हसू नंतर हळदीकुंकवाच्या बोलावण्यांत, दिवाळीच्या फराळात, सगळीकडे तिच्याबरोबर गेलं.

बाबांनी कीर्तीकडे पाहिलं नाही. त्यांनी उजवा हात उचलून कानामागे धरला.

"काय म्हणालात ताई? मला जरा कमी ऐकू येतं."

शेवटच्या बाकावरची कुजबुज ते फळ्याकडे तोंड करून ओळखायचे. आज सकाळी यू-बानच्या गोंगाटात स्टेशनचं नाव त्यांनी तिच्याआधी ऐकलं होतं.

"आडनाव, काका!" नंदिनी मोठ्यानं म्हणाली. दारातल्या रखवालदारानं वळून पाहिलं. "आ-ड-ना-व!"

"हो हो," बाबा मान हलवत म्हणाले. "छान आहे किल्ला. फार छान."

दोघंतिघं समजूतदारपणे हसली. श्रीरंगनं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी कानाशी जाऊन म्हणाला, "चहा घेऊ या काका, चहा!" बाबांनी त्यालाही मान डोलावली. कानामागचा हात त्यांनी अजून काढला नव्हता. खोटं बोलायची त्या हाताला सवय नव्हती.

"वय झालं की व्हायचंच गं," नंदिनी आवाज उतरवून कीर्तीला म्हणाली. "यंत्र घेऊन दे त्यांना. इथं चांगली मिळतात."

कीर्तीच्या लक्षात आलं, हातातला टॉर्च अजून चालूच होता. भरदिवसा, खिडक्यांच्या उजेडात, त्याचा फिकट गोळा फरशीवर पडला होता. तिनं तो बंद केला. टिपणांच्या कागदाची घडी घातली. मग बाबांजवळ गेली आणि त्यांचा कानामागचा हात धरून खाली घेतला. त्यांनी बोटं घट्ट दाबली, नको म्हटल्यासारखी. तिनं हात सोडला नाही.

"नंदिनीताई," ती म्हणाली, "बाबांना सगळं ऐकू येतं."

नंदिनी हसऱ्या चेहऱ्यानं तिच्याकडे बघत राहिली.

"पहिल्या वर्षी तुम्ही विचारलं होतंत, देशस्थ का म्हणून. मी नुसतीच हसले होते. आणि आज सकाळी यांनाही मीच सांगितलं, तिथं जय भीम म्हणू नका." ती पुढच्या वाक्यासाठी थांबली, आणि या वेळी ते वाक्य आलं. "आम्ही बौद्ध आहोत. सासरचेही. हे माझे वडील, आत्माराम कांबळे."