न कापलेल्या केसांची डमी

मित्रांनो, मी एक जुनी डमी आहे. ब्युटी पार्लरच्या कोर्समध्ये मुली ज्या रबरी डोक्यावर केस कापायला शिकतात, ते डोके म्हणजे मी. मला धड नाही, हात नाहीत आणि माझे केस एकदा कापले की पुन्हा वाढत नाहीत. ही शेवटची गोष्ट मोठ्या माणसांनी फारच मनावर घेतली.

दूरच्या एका कारखान्यात माझ्या टाळूत एकेक केस सुईने रोवला गेला. तिथून मी पवनीच्या एका मोफत प्रशिक्षण वर्गात आले. मला वाटले, उद्या कात्री लागेल. पण संस्थेचा कारभार पाहणाऱ्या भय्याजींनी मला प्लास्टिकसकट काचेच्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. मुलींच्या कितीतरी तुकड्या आल्या आणि गेल्या. त्या केस कापणे फळ्यावर शिकल्या. शिकवणाऱ्या कौशल्या मॅडम खडूने डोके काढत, खडूने केस काढत आणि डस्टरने कापत. तपासणीला साहेब आले की मला टेबलावर मांडत. “केस किती छान ठेवले आहेत!” साहेब म्हणत. भय्याजी खूश होत. मी मात्र चिडून जाई.

मग अड्याळची रत्नमाला आली. तिने घरच्या ओसरीत छोटे पार्लर सुरू केले होते. भुवया कोरता येत, केस कापता येत नव्हते. लग्नसराईत पोरी केस कापायला भंडाऱ्याला जात आणि जाता जाता भुवयाही तिकडेच करून येत. भंडाऱ्याच्या क्लासला फी होती, शिवाय डमी स्वतःची आणा म्हणत. माय-लेकींच्या भाताच्या रोवणीच्या मजुरीत ते बसत नव्हते. इथे फी नव्हती, पण येईल त्या दिवसाची मजुरी बुडे.

पहिल्याच आठवड्यात तिने मला मागितले.

“हात नोको लावू, बाई,” भय्याजी म्हणाले. “खराब झाली तं जबाबदार कोण?”

“मंग आणली काहून? पाहाले?”

“साहेबाले दाखवा लागते.”

“भय्याजी, गावात एका पोरीचे केस वाकडे कापले तं माहं दुकान संपलं. मी शिकू कोनावर?”

“फळ्यावर शिकून नाही राहिली का?”

वर्गात शेजारी बसणाऱ्या रीनाला ती सांगत होती, “माय म्हणते, माह्या केसाईवर शिक. म्या म्हटलं, माय, तुहे केस चार. तीन कटात तू टकली होशीन.” दोघी हसल्या. मला हसू आले नाही. माझ्या डोक्यावर गच्च केस होते आणि मध्ये एक काच होती.

कोर्स संपायला आला तेव्हा तपासणी लागली. मला पुसून टेबलावर ठेवले. साहेब म्हणाले, “एखाद्या मुलीने कटिंग करून दाखवा.” मॅडम फळ्याकडे पाहू लागल्या. रत्नमाला उठली.

भय्याजी तिच्या कानाशी कुजबुजले, “नुसती कात्री धर. फोटो निघाला का ठेवून दे.”

तिने कात्री धरली. फोटो निघाला. आणि तिने कात्री मिटली.

बटच्या बट फरशीवर पडली. कट साफ वाकडा होता, एका कानाकडे चढत गेलेला. साहेब मोबाइलमधला फोटो पाहत “छान, छान” म्हणाले आणि निघून गेले.

“नासवली!” भय्याजी ओरडले. “इतक्या वर्साची वस्तू! आता कोनाले दाखवू?”

“कोनालेच नोका दाखवू,” रत्नमाला म्हणाली. “आता आमाले द्या.”

बिघडलेल्या वस्तूला कुलूप कोण लावणार? उरलेले सगळे दिवस मी मुलींच्या हातात होते. कोणी मानेशी कापले, कोणी कानाला कात्री लावली. रत्नमालाचा दुसरा कटही फसला. तिसरा सरळ आला. तिने दोन्ही बाजूंच्या बटा पुढे ओढून पाहिल्या, पुन्हा ओढून पाहिल्या. दोन्ही टोके जुळत होती. आता अड्याळच्या पोरी तिच्याकडेच केस कापून घेतात, असे परवा मॅडमना भेटायला आलेली रीना सांगत होती.

मी टकली झाले आहे. माझे कौतुक आता कोणी करत नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही एखादी दुर्बीण, एखादी वाजवायची पेटी, पुस्तकांचा एखादा गठ्ठा अजून कोराच पडलेला असेल. तो मागा. खराब होईल म्हणून नाही म्हणाले, तर सांगा की होईलच, त्यासाठीच तर आणला आहे. आणि तरीही देत नसतील, तर उद्या पुन्हा मागा.