पार्लरवालीचं व्हायोलिन

मी एक व्हायोलिन बोलतोय. ज्या कारागिरानं मला घडवलं, त्यानं माझ्या पोटाला कान लावून "वा!" म्हटलं होतं. दुकानातल्या काचेच्या कपाटात मी ऐटीत लटकत होतो, एखाद्या खऱ्या वादकाची वाट बघत. नशिबी आली ती ब्युटी पार्लरची मालकीण. वय पंचेचाळीस, बोटांना केसांच्या रंगाचा वास.

"जन्मभर लोकांची डोकी सजवली. आता एक गोष्ट माझ्यासाठी," ती दुकानदाराला म्हणाली. ऐकायला छान वाटतं. सोसावं लागतं ते मला.

आपल्याला वेळ नाही, हे ती इतक्या अभिमानानं सांगते की वेळ असणारे सगळे चोर वाटावेत. भाजी गॅसवर ठेवून मला हनुवटीखाली दाबते. करपल्याचा वास आला की मला सोफ्यावर उताणं टाकून पळते. पहिल्याच दिवशी आतल्या खोलीतून नवरा ओरडला, "अगं, बिजागरी करकरतेय. तेल घालू का?"

"बिजागरी नाही, मी वाजवतेय! आणि तेल घालायचंच तर स्वतःच्या डोक्यावर घाला, चार केस उरलेत!"

शेवटी तिला शिकवणाऱ्या मास्तरांनीही हात टेकले. "बाई, शनिवारी एक लांब सूर सरळ ओढून दाखवा. नाही जमलं तर हे वाद्य विका. दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल."

त्या क्षणी मला मास्तर देवमाणूस वाटले.

शुक्रवारी बाईनं गज निरखून पाहिला. गज म्हणजे माझ्या तारांवर फिरते ती काठी. तिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवतात आणि तारेवर पकड यावी म्हणून त्यांना राळ चोळतात. राळेची पांढरी पूड पाहून बाई किंचाळली, "अगंबाई, काय हा कोंडा!" मग गजाला शाम्पू झाला, कंडिशनर झाला, वर ड्रायर फिरला. केस असे मऊसूत झाले की एखाद्या नवरीनं हेवा करावा.

शनिवारी मास्तरांसमोर तिनं गज ओढला. फुस्स! लोण्यावरून सुरी फिरावी तसा तो माझ्यावरून घसरला.

"काय लावलंत याला?"

"कंडिशनर. फार कोरडे झाले होते हो केस."

मास्तर हसलेसुद्धा नाहीत. त्यांनी स्वतःचा गज तिच्या हातात दिला. तिनं ओढला, आणि निघाली तीच करकर.

"नाही बाई. हा तुमचा पिंड नाही."

मी निरोपाच्या तयारीला लागलो.

ती "बरं" म्हणाली, डोळे पुसले, गजाला नवे केस बसवून घेतले आणि मला विकायचं सोडून पार्लरमध्ये घेऊन गेली. आता दुपारी ती तिथं वाजवते. समोर डोक्याला रंग थापलेल्या बायका. धुतल्याशिवाय उठून जाणार कुठं? इतके खिळून बसलेले श्रोते भल्याभल्या वादकांना मिळत नाहीत.

परवा एक सूर सरळ निघाला. चुकूनच. लांब, जराही न थरथरता. बाई स्वतःच दचकली. रंगाखालची एकजण म्हणाली, "अय्या, हे चांगलं होतं हं!" तेव्हापासून बाई जेवायचंही विसरते.

म्हणून कळकळीनं सांगतो: तिथं केस रंगवायला गेलात तर तोंड मिटून बसा. तिला टोमणे पचतात, हसणंही पचतं. पण कौतुक केलंत, तर ती मरेपर्यंत वाजवेल. आणि वाजणार मी.