आबाचं चूलबंद आवतण

पेडगावात जेवणाचं आवतण दोन तऱ्हेचं. घरटी एक माणूस, नाहीतर चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी जेवायला यायचं.

सृष्टीचं लग्न ठरलं अन् तिची थोरली बहीण प्रियदर्शनी, घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारी, हिला सुरसुरी आली. तिनं भावकीच्या आवतणाचं ॲपच बनवलं. फोनच्या पडद्यावर दर माणसाच्या नावाची एक डबी, ती दाबली की त्याला आवतण. सगळ्यात वर वैजीनाथ आबा, म्हणजे तिचे कधीचे वारलेले पणजोबा. त्यांच्या डबीत त्यांच्या लेकांच्या डब्या, त्यांच्यात नातवांच्या. डबीचा साचा एकच, स्वतःलाच पोटात घेत जाणारा!

पण पहिल्या खेपेला प्रत्येक डबी आपली आवतणाची खूण गिळून बसली, दुसरीला कळूच देईना. आचाऱ्याला द्यायचा जेवणाऱ्यांचा आकडा काही हलेना. मग पोरीनं साऱ्या डब्या एकाच साठ्याला जोडल्या, सामाईक विहिरीवर सगळ्या भावांच्या मोटारी असतात तशा. वरच्या डबीत ठरेल ते खालच्या सगळ्यांना लागू, अन् मेसेज आपोआप.

विहिरीचं नाव निघालं म्हणून सांगते. तिच्याच पाण्याच्या पाळीवरून प्रियदर्शनीचे बाबा बन्सीधर अन् थोरले काका तात्याराव यांचं बोलणं तुटलेलं. तात्याराव रागानं सोनपेठला जाऊन राहिले. सृष्टीला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवणारा काका लग्नाला नसणार, याचं प्रियदर्शनीला लय वाईट वाटायचं.

"तात्याच्या डबीला हात लावायचा न्हाई," बाबांनी बजावलं होतं.

शुभ दिवस बघून बन्सीधरांनी हातपाय धुतले, फोनला हळदकुंकू वाहिलं अन् म्हणाले, "आधी थोरल्याचा मान." अन् दाबली की वैजीनाथ आबाची डबी! चूलबंद!

झालं! डब्यांत डब्या, त्यांच्यात डब्या, सगळ्या हिरव्यागार. देवगाव फाट्यापासून सोनपेठपर्यंत मेसेज सुटले. प्रियदर्शनीनं कपाळावर हात मारला. मेलेल्या माणसाला कुणी आवतण देईल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"अगं, तात्यालाबी गेलं की! मागं घे!"

"घ्या तुमीच. त्यांची डबी दाबा, रद्द करा."

बन्सीधरांचं बोट डबीपर्यंत गेलं. तिथंच घुटमळलं. "आबाचा शब्द हाय," ते दुसरीकडं बघत म्हणाले. "मी कोण मोडणारा?"

प्रियदर्शनीनं उडीच मारली.

लग्नाला भावकी लोटली. आचारी ओमप्रकाश खुशीत, आकडा बरोबर होता. अक्षता पडायच्या आधी सोनपेठचा टेम्पो आला. तात्याराव उतरले अन् मांडवाच्या खांबाला म्हणाले, "आबाचं आवतण आलं म्हणून आलो. दुसऱ्या कुणाचं न्हाई."

"मी तरी कुठं बोलावलंय?" बन्सीधरांनी त्याच खांबाला विचारलं.

पोरीबाळी तोंडाला पदर लावून फिसफिसल्या. अक्षता पडल्या, पंगत बसली. तात्याराव पानावर बसून वाट बघायलेत, अन् बन्सीधर भाताची बादली घेऊन लांबूनच घिरट्या घालायलेत.

"बन्सी!" तात्याराव गरजले. "सकाळपासून आमच्या घरात चूल न्हाई पेटली. वाढतूस का जाऊ?"

बन्सीधर धावलेच. वाढताना डोळ्यांतलं पाणी आवरेना.

"दादा, उद्यापासून मोटर आधी तुझी."

"भात वाढ आधी," तात्याराव म्हणाले अन् धाकट्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.